टेबलाला बांधलेला लॅपटॉप

तिला सगळे तीनदाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण म्हणायचे. कोर्टात साक्षी होतात, त्यांचं रेकॉर्डिंग होतं, आणि ते घरी बसून ऐकून शब्दन् शब्द उतरवून द्यायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तेच. या कामात तिचा एक हट्ट होता. एखादी ओळ नीट कळली नाही तर ती तीनदा ऐकायची, आणि तिसऱ्यांदाही कळली नाही तरच कंसात 'अस्पष्ट' लिहायची. मनचं एक अक्षर घालायचं नाही, आणि ऐकलेलं एक अक्षर गाळायचं नाही. बाकीच्या बायका एकदा ऐकून ठोकून देत आणि मोकळ्या होत. ही बसलीये आपली तीनदा ऐकत.

आणि ऐकायचं तरी काय, तर सगळी मारामारी. सुरे, लोखंडी गज, पेटवलेल्या खोल्या, विहिरीत टाकलेली माणसं. जेवणाआधी एक खून आणि जेवणानंतर उरलेला अर्धा, असा तिचा दिवस. कुणी विचारलं की एवढं ऐकून त्रास होत नाही का, तर ती म्हणायची, "रेकॉर्डिंगला पॉज असतो." लोक हसायचे. तिच्या घरात जे चालायचं त्याला पॉज नव्हता, हे त्या हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींतल्या लिफ्ट मध्येच अडकतात, आत माणसं घामाघूम होतात, तेव्हा हा देवासारखा जायचा. दाराच्या फटीतून बोलायचा, "घाबरू नका. मी आलोय. माझा आवाज ऐकत राहा." असला मऊ, असला धीराचा आवाज, की आतली म्हातारी माणसं नंतर त्याचा हात धरून रडायची. तोच हात घरी आल्यावर काय करायचा ते त्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार? पहिल्या वर्षी थोबाडीत, पाचव्या वर्षी पट्टा, दहाव्या वर्षी हाताला येईल ते. चार माणसांत मात्र हा गृहस्थ बायकोची खुर्ची ओढून द्यायचा.

आता तिच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच आहे. टाईप करून करून मनगटं गेली, तेव्हा सात वर्षांपूर्वी तिनं बोलून उतरवायला सुरुवात केली. म्हणजे असं, की कानांवर हेडफोन लावायचे, त्यात साक्षीदार बोलतोय, आणि तो बोलेल ते आपण सपाट आवाजात माईकमध्ये म्हणत जायचं. कॉम्प्युटर ते टाईप करतो. पायाखाली पेडल असतं, दाबलं की रेकॉर्डिंग मागं जातं. आपण जे बोलतो त्याचा आवाजही त्या प्रोग्रॅममध्ये साठून राहतो, नंतर ताडून बघायला. माईक टेबलावर, मानेवर उभा, डोक्याला स्पंजची टोपी, खाली लांब वायर. बाहेरून बघणाऱ्याला ही बाई भिंतीशी बोलते असं वाटेल.

या रीतीपायीच दोन वर्षांपूर्वी एक घोटाळा झाला. एका खुनाच्या केसमधला साक्षीदार प्रेत कसं सापडलं ते सांगत होता, आणि हिच्या कागदावर उमटलं ते असं: 'मी जिन्याखाली वाकून पाहिलं तेव्हा तिचा एक पाय माझा निळा शर्ट कुठंय हात तोडीन तुझे दिसत होता.' हेडफोन कानांवर होते, नवरा मागून ओरडला ते हिला ऐकू आलं नाही, माईकला आलं. आणि जी बाई प्रत्येक ओळ तीनदा ऐकते तिनं नेमकं ते पान त्या दिवशी परत वाचलं नाही, कारण त्या शर्टासाठी तिचा खांदा निखळला होता.

कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात एक मोठ्या बाई होत्या. या सगळ्या घरी काम करणाऱ्या बायकांच्या वरच्या, सगळ्यांच्या फायली तपासणाऱ्या. त्यांनी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात शर्ट नव्हता. त्यांनी फोन लावला.

"साक्षीदाराच्या तोंडी निळा शर्ट कुठून आला?"

"टीव्ही चालू होता बाई."

"टीव्हीवर हात तोडत होते?"

"सिरियल होती."

मोठ्या बाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर काम बंद करावं लागेल. आणि टीव्ही जास्तच मोठ्यानं लागत असेल, तर मला सांग." हिनं 'हो' म्हणून फोन ठेवला. कागदाबाबत ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि ते तिला खांद्यापेक्षा जास्त लागलं.

तिनं वेड्यासारखं हे नवऱ्याला सांगितलं. काम जाईल, तेवढं जपा, म्हणून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि वायरींचा माणूस तो, त्याने धडा बरोबर घेतला. त्या दिवसापासून हात उचलायच्या आधी तो माईकची वायर उपटायचा. टक्. एवढाच आवाज. मग ती सावकाश गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि मग सुरू. किती व्यवस्थित माणूस. हिला पुढं पुढं मारापेक्षा त्या टकची जास्त धडकी भरायची.

त्या घोटाळ्याला दोन वर्षं होत आली तेव्हा एका दुपारी ती हेडफोन लावून बसली होती. दाराची बेल तीनदा वाजली म्हणे. हिला कशी ऐकू येणार, कानात एक बाई आपल्या दिराने कसं पेटवलं ते सांगत होती. नवरा स्वतःच्या किल्लीनं आत आला. टक्. तिनं वर बघेपर्यंत त्याने स्क्रीन उचलून भिंतीवर घातली होती. मग खालचा डबा, म्हणजे कॉम्प्युटर ज्यात असतो तो जड पत्र्याचा डबा, दोन्ही हातांनी उचलला. तिचा डावा हात कीबोर्डवरच होता. डबा त्या हातावर आला.

दोन बोटं मोडली, करंगळी आणि शेजारचं. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, ड्रॉवरमध्ये सापडली. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, एक्स-रेकडं बघितलं, आणि ड्रॉवर लिहिलं. बाहेर बाकावर नवरा पाण्याची बाटली घेऊन बसला होता. झाकण उघडून तिच्या हातात दिली. "घाबरू नकोस, मी आहे ना," म्हणाला. शेजारची बाई आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, बघा, शिका काही.

आता कॉम्प्युटर तर गेला, आणि त्या पेटवलेल्या बाईच्या साक्षीची तारीख चार दिवसांवर. नवं मशीन हवं होतं. नवऱ्यानं लगेच फर्मान काढलं.

"डेस्कटॉपच घ्यायचा. लॅपटॉप घेऊन बाया कुठं कुठं जाऊन बसतात."

गंमत बघा, लग्नाच्या एकोणीस वर्षांत या एका बाबतीत नवरा-बायकोचं एकमत होतं. तिला कुणीही विचारलं असतं तरी तिनं डेस्कटॉपच सांगितला असता. मोठी स्क्रीन लागते, एकीकडं आवाजाची पट्टी, एकीकडं मजकूर. मान मोडत नाही, आठ तास बसता येतं, काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घेऊन मिरवायचं खेळणं, असं तिचं स्वच्छ मत होतं. नवऱ्यानं टेबल मापून कागद तिच्या हातात दिला, आणि ती तुटका डबा, कीबोर्ड आणि माईक पिशवीत घालून दुकानात गेली.

दुकान एका पन्नाशीच्या बाईचं होतं. विकायची, दुरुस्त करायची, सगळं एकटीच. हिनं विचारलं, जुन्या फायली निघतील का. दुरुस्तीवालीनं डबा उघडला, आतलं बघितलं, म्हणाली निघतील. मग तिनं सवयीनं कीबोर्ड कागदावर उलटा करून थोपटला. आतून पडलं ते पोळ्यांच्या चुऱ्यासारखं नेहमीचं काही नव्हतं. केसांचा मुळासकट उपटलेला एक झुपका होता, वाळलेल्या रक्ताच्या खपल्या होत्या, आणि नखाचा एक तुकडा. सात वर्षांचा ऐवज होता तो. दुरुस्तीवालीनं एकदा तिच्या प्लास्टरकडं पाहिलं. मग कागदाची नीट पुडी केली आणि पुढं सरकवली.

"हे तुमचं," ती म्हणाली. "जपून ठेवा, टाकू नका."

तीनदाबाईनं पुडी पर्समध्ये टाकली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "डेस्कटॉप बघायचाय."

"बघू. काम कसलं?"

तिनं काम सांगितलं. दुरुस्तीवालीनं सांगितलं ते सगळं डेस्कटॉपच्याच बाजूचं होतं, हिला पाठ असलेलं. हिनं मान डोलावली. मग अचानक विचारलं, "पडला तर काय होतं?"

"आपोआप पडला तर, की कुणी पाडला तर?"

हिनं प्लास्टरचा हात काउंटरखाली घेतला. दुरुस्तीवालीनंही ताणलं नाही. "डेस्कटॉप तुकड्या-तुकड्यानं तुटतो," ती म्हणाली. "स्क्रीन गेली तर स्क्रीन, माईक गेला तर माईक. लॅपटॉपमध्ये सगळं एकाच अंगात. जाईल तर सगळंच जाईल."

"माईक पण आतच?"

"आतच. हे बघा." तिनं काउंटरवरचा एक लॅपटॉप उघडून स्क्रीनच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. टाचणीनं पाडल्यासारखं भोक.

"वायर?"

"वायर कुठली आलीये ताई. उपटायला काही नाहीच."

तीनदाबाई त्या भोकाकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज कामातल्यासारखा सपाट झाला, "माझा जुना माईक लावला याला, वायरवाला, आणि चालू असताना तो कुणी काढला, तर?"

"तर आतला आपोआप सुरू होतो. काम थांबत नाही."

"खात्रीनं?"

दुरुस्तीवालीनं लावून दाखवलं. स्पंजचा माईक जोडला, एक-दोन-तीन म्हणाली, अक्षरं उमटली. वायर उपटली. टक्. तीनदाबाई खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसली, दोन्ही हात डोक्यावर गेले. दुरुस्तीवाली तशीच बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "चार, पाच, सहा." चार-पाच-सहा उमटलं.

"हाच द्या," तीनदाबाई म्हणाली. "आणि ते परत एकदा दाखवा." तिनं तीनदा बघितलं, मगच पिशवीत घातला.

घरी तिनं सांगितलं की डेस्कटॉप यायला आठवडा लागणार होता, तारीख चार दिवसांवर, काय करणार. नवऱ्यानं एक कानाखाली दिली. ती नेहमीची, हिशेबात न धरण्यातली. मग तो त्याच्या हत्यारांच्या पेटीतून लिफ्टची पोलादी दोरी घेऊन आला, काडीएवढी बारीक, पण चिवट. लॅपटॉपला कुलपासाठी एक खाच असते, तिथून ती ओवली, टेबलाच्या लोखंडी पायाला वेढे दिले, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"घे," तो म्हणाला. "झाला डेस्कटॉप."

आणि खूश होऊन हसला. स्वतःच्या विनोदावर खूश होणारी माणसं फार. तिनं लॅपटॉपशेजारी जुना माईक ठेवला, वायर त्याला दिसेल अशी पुढून फिरवली आणि कामाला लागली. पेटवलेल्या बाईची साक्ष तारखेआधी गेली.

मग नऊ दिवस काहीच झालं नाही. हे नऊ दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट, असं ती पुढं म्हणाली. तो चांगला वागत होता. प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून स्वतः भांडी घासत होता. आणि ही? ही वाट बघत होती. आपल्याला मार कधी बसतोय याची वाट बघणारी बाई कुणी पाहिलीये का? तिला स्वतःची लाज वाटायची. एकदा तर वाटलं, बोटं मोडली त्याचं त्यालाही वाईट वाटलं असेल, सुधारला असेल, आणि आपण मात्र घरात सापळा लावून बसलोय. सातव्या दिवशी तिनं लॅपटॉपचा आतला माईक बंद करून टाकायला हात पुढं केला होता. मग पर्समधली ती पुडी काढून बघितली आणि हात मागं घेतला.

दहाव्या दिवशी दुपारी ती एका आरोपीचा जबाब उतरवत होती. हेडफोनमध्ये तो माणूस बोलत होता आणि ही त्याच्या पाठोपाठ सपाट आवाजात म्हणत होती, "मी तिला हातही लावला नाही. ती पडली. ती नेहमीच पडते. लोकांना वाटतं मी मारतो." नवरा दारात येऊन उभा राहिलेला तिला कळलं नाही. त्याने ऐकलं. आपली बायको रिकाम्या खोलीत आपलीच नक्कल करतेय, अशी त्याची खात्री झाली. चोराच्या मनात काय असतं ते सांगायला नको.

टक्.

तिनं हेडफोन काढले. तो वायर गुंडाळत होता, सावकाश, नेहमीसारखी. "कुणाला सांगत होतीस?" त्याने विचारलं. "काम होतं अहो, जबाब आहे," ती म्हणाली. "माझा जबाब?" असं म्हणत त्याने तिचा हेडफोनच तिच्या तोंडावर हाणला. मग हात. ती खुर्चीसकट आडवी झाली. मग त्याने हाताला धरून उठवलं, आणि उठवताना मोडक्या बोटांचाच हात धरला, आणि उभी केल्यावर पोटात गुडघा घातला, एकदा, दोनदा, चारदा. तिचा श्वास गेला. ओरडायलाही आवाज उरला नाही. तोंडात दात हलला आणि रक्ताची चव आली. ती 'अहो, अहो' म्हणत होती. एकोणीस वर्षं मार खाऊनही तिच्या तोंडचं 'अहो' सुटलं नाही, याचा मला त्या नवऱ्यापेक्षाही राग येतो.

शेवटी त्याला लॅपटॉप दिसला. दोन्ही हातांनी उचलून त्याने तो भिंतीवर फेकला. पण भिंतीपर्यंत तो गेलाच नाही. त्याच्याच दोरीनं अर्ध्या वाटेवर हिसका दिला, लॅपटॉप टेबलाच्या कडेवर आपटला, एक कोपरा फुटला, आणि तसाच वाकडा पडून राहिला, उघडा. पोलादाची दोरी, त्याने स्वतः बांधलेली. अशी बांधली होती की दहा माणसांचं ओझं पेलेल.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकली होती. त्याने श्वास सारखा केला, आणि फोनमध्ये म्हणाला, "घाबरू नका. मी निघालोय. माझा आवाज ऐकत राहा." शर्टची बाही खाली घेतली, तिच्या अंगावरून पाय टाकून गेला. दार लागलं.

ती जमिनीवर पडली होती. तिथून तिला फुटलेल्या कोपऱ्याचा लॅपटॉप दिसत होता. स्क्रीनवर अक्षरं होती. खाली शेवटची ओळ: घाबरू नका मी निघालोय माझा आवाज ऐकत राहा.

दुसरी कुणी असती तर तिथूनच रस्त्यावर पळाली असती, आणि शहाणी ठरली असती. पण ही तीनदाबाई. ती उठली, खुर्ची सरळ केली, टॉवेल तोंडाशी धरून बसली आणि कामाला लागली. यंत्रानं टाईप केलेलं सगळं ओबडधोबड असतं, कोण बोललं ते त्याला कळत नाही, फटक्याला अक्षर नसतं. ते माणसानं बसवायचं. हेडफोनचा एकच कान चालू होता. पायाखालचं पेडल दाबलं, मागं गेली, ऐकलं. परत मागं. 'पुरुष: कुणाला सांगत होतीस.' 'स्त्री: काम होतं अहो, जबाब आहे.' 'पुरुष: माझा जबाब.' कंसात, फटका. 'स्त्री: अहो.' कंसात, फटका. 'स्त्री: अहो, हात नका.' कंसात, जड वस्तू आपटल्याचा आवाज.

साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग, तीन तास लागले. अंगावर तिनं अकरा मोजले होते. मोजायची सवयच होती तिला. रेकॉर्डिंगमध्ये सातच ऐकू येत होते. तीनदा ऐकलं, सात. अंगात अकरा ठणकत होते, घालायचे म्हटलं तर कोण विचारणार होतं? तिचं एक बोट कीबोर्डवर येऊन थांबलं. मग तिनं सातच ठेवले. खाली नेहमीचं वाक्य लिहिलं, वरील मजकूर मी स्वतः ऐकून जसाच्या तसा उतरवला आहे, आणि फाईल आवाजासकट मोठ्या बाईंना पाठवून दिली.

वीस मिनिटांत फोन आला.

"ही फाईल कोणत्या केसची?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"केस अजून झाली नाही बाई."

मोठ्या बाई म्हणाल्या, "टीव्ही आहे का घरी आत्ता?"

"लिफ्ट अडकलीये. दुरुस्त करूनच येतो, अजून तासभर तरी लागेल."

"चपला घाल. पर्स घे. खाली येऊन उभी राहा, मी गाडी घेऊन निघालेय. ते मशीन राहू दे."

"ते तसंही नेता येत नाही," तीनदाबाई म्हणाली, आणि दात हलत असताना तिला हसू आलं. "बांधलंय."

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी दोरी कापायला करवत आणली. करवतीची दोन पाती गेली. नवरा दारात उभा राहून म्हणत होता, अहो माईक तर मी काढून ठेवला होता. तीन पोलिसांसमोर म्हणाला. त्यांनी तेही लिहून घेतलं.

केस उभी राहायला आठ महिने गेले. बोटं वाकडीच जुळली, दात काढावा लागला. कोर्टात तीनदाबाई पहिल्यांदाच गेली. एकोणीस वर्षं जे कोर्ट कानात ऐकलं ते प्रत्यक्षात केवढं लहान आहे, याचं तिला नवल वाटलं. नवऱ्याच्या वकिलानं तिचा कागद हातात धरला होता.

"हे तुम्हीच उतरवलंत?"

"हो."

"किती वर्षांचा अनुभव?"

"एकोणीस."

"यात फटके सात आहेत. तक्रारीत तुम्ही अकरा सांगितलेत. मग खोटं काय, कागद की तक्रार?"

नवरा समोर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने पहिल्यांदा मान वर केली. मोठ्या बाई मागच्या बाकावर होत्या, त्यांनी डोळे मिटले.

"दोन्ही खरं," ती म्हणाली.

"ते कसं? उतरवणाऱ्या तुम्ही, मार खाणाऱ्या तुम्ही. अकरा बसले असतील तर अकरा लिहायचे होते."

"ऐकू आलं नाही ते मी लिहीत नाही. तीनदा ऐकलं. सातच आहेत."

"मग उरलेले चार कुठं गेले?"

"पोटात," तीनदाबाई म्हणाली. "पोटात बसलेल्याचा आवाज होत नाही, साहेब."

वकिलानं कागद टेबलावर ठेवला. आणि खाली बसला.

नवऱ्याला शिक्षा झाली. किती ते विचारू नका, मला सांगायलाही राग येतो. तीनदाबाई आता दुसऱ्या वस्तीत एका खोलीत राहते. लॅपटॉप पुरावा म्हणून वर्षभर अडकून पडला होता, तो परत मिळाला, फुटक्या कोपऱ्याचा. दुरुस्तीवालीनं कोपरा बदलून देते म्हटलं, हिनं नको म्हटलं. खाचेत त्या दोरीचा वीतभर तुकडा अजून अडकलेला आहे. काम तेच चालू आहे. मान दुखते, स्क्रीन लहान पडते, आणि डेस्कटॉपची तिला रोज आठवण येते.

नव्यानं या कामात आलेल्या बायकांना मोठ्या बाई तिचा नंबर देतात. परवा अशाच एका मुलीचा फोन आला. आवाज कोवळा, बोलताना मध्येच थांबत होती. घरी बसून काम करायचंय, ताई, लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप? पूर्वीची तीनदाबाई असती तर एका दमात डेस्कटॉपचे गुण सांगितले असते. ती म्हणाली, "ते सांगते. आधी सांग, घरी कोण कोण असतं?"

पलीकडून काही आलं नाही. तीनदाबाईनं सवयीनं मोजलं. नऊ सेकंद शांतता होती. मग मुलगी म्हणाली, "माझा मोठा भाऊ."

"लॅपटॉप घे," तीनदाबाई म्हणाली. "आणि सोबत एक वायरवाला माईक घे. कसा लावायचा ते मी सांगते."